वैनीनं मारलेला रातकिडा

धोंडिराम हवालदाराच्या घरात रातकिडा शिरला त्याला बारा दिवस झाले, आणि बारा दिवसांत त्या माणसाच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आता रातकिडा म्हणजे काय वाघ आहे? वडूजच्या पलीकडं, माळाला टेकून बसलेली ती वाडी. दिवाळी सरली, शाळू वीतभर वर आला, गारठा सुटला, की रातकिडे ऊब हुडकत घराघरांत येतात. लोक चप्पल फेकतात, कूस बदलतात आणि झोपतात. पण लोकांच्या घरात लोक असतात. नवरा म्हणतो, "आयला, काय वराडतंय गं," बायको म्हणते, "झोपा गप," आणि तेवढ्यावर भागतं. धोंडिरामच्या घरात "झोपा गप" म्हणायला कुणी उरलं नव्हतं. बायको, बाळाबाई, चार वर्षांमागं गेली. एकुलता एक मुलगा महेंद्र तिकडं खंडाळ्याला, कंपनीत. राहता राहिला धोंडिराम, वय वर्षं एकोणसत्तर, आणि त्याचा किडा.

जेवण झालं, भांडी पालथी घातली, टीव्ही बंद केला, की किर्रर्र सुरू. खाटेवर आडवं व्हायचा अवकाश, आवाज डोक्यात गिरमिट घातल्यासारखा शिरायचा. उठून दिवा लावावा, पाय आपटावा, दोन शिव्या हासडाव्यात, तेवढ्यापुरता गप. दिवा मालवला की पुन्हा आपला किर्रर्र.

त्यातनं धोंडिरामला एकच कान. चोवीस वर्षं तोफखान्यात काढली, लढाई एकही बघितली नाही, उजवा कान सरावातच गेला. वाडी चेष्टा करायची, "हवालदार, दुश्मनाच्या आधी आपल्याच तोफेनं गाठलं की तुमाला!" आणि एका कानाच्या माणसाची एक पंचाईत असते. आवाज ऐकू येतो, पण कुठनं येतो ते कळत नाही. मागनं हाक मारली तर तो पुढं बघतो. मग किडा सापडावा कसा? पहिल्या दिवशी त्यानं सैपाकघरातली मांडणी रिकामी केली. चौथ्या दिवशी धान्याची कोठी ओढून बाजूला केली, पाठीत उसण भरून घेतली. आठव्या दिवशी मात्र डोकं फिरलं. त्यानं पहार आणली आणि कोपऱ्यातल्या तीन फरश्या उचकटल्या. खाली माती, मातीखाली माती. किडा कुठला?

पहारेचा आवाज आळीभर गेला आणि सकाळी वाडीत बातमी पसरली, हवालदार गुप्तधन हुडकतोय. दोघं-तिघं तर घमेलं मागायच्या निमित्तानं येऊन खड्ड्यात डोकावून गेले.

केरबा मात्र काळजीनं आला. हा त्याचा जोडीदार, त्याच पलटणीतला, एकाच वर्षी भरती झालेला. संध्याकाळी आला, खाटेवर बसला, तंबाखू मळली, ऊसाच्या तोडीवर, नातवाच्या भरतीवर, गुडघ्यावर बोलला. केरबा बोलायला लागला की दुसऱ्यानं श्वास घ्यायची चोरी.

"कुठं हाय तुजा किडा?" शेवटी त्यानं विचारलं.

धोंडिरामनं कान दिला. गप होता बेटा.

"माणसाची चाहूल लागली की गप बसतोय. तू गेलास की चालू हुईल बघ."

केरबा हसला. "धोंड्या, गड्या, तोफखान्यातल्या समद्यांच्या कानात रातकिडा असतोय. माज्याबी हाय. त्यो घरात नसतोय रं, डोस्क्यात असतोय. फरश्या बसवून घे आनि झोप."

तो गेला. कोपऱ्यावर त्याची काठी टकटकत लांब गेली, आणि इकडं किर्रर्र.

धोंडिराम वडूजला डॉक्टरकडंही जाऊन आला. काचेच्या खोलीत बसवून, कानाला भोंगे लावून त्यांनी तपासलं. उजवा गेलेलाच आहे, डाव्याची नस सुकायला लागलीय, त्यानं असा आवाज येऊ शकतो, घाबरायचं नाही, सवय करून घ्यायची. डॉक्टर चांगला माणूस होता, पण "येऊ शकतो" म्हणाला, "येतो" म्हणाला नाही. तेवढ्या एका शब्दावर धोंडिराम वाडीला परत आला. डोक्यात आहे का घरात? एवढंच त्याला कळायला पाहिजे होतं. आणि हे असं कोडं आहे की एकट्या माणसाला ते सुटत नाही. दुसऱ्यानं शेजारी बसून "व्हय, मलाबी येतोय आवाज" म्हणावं लागतं. दुसरा आणायचा कुठनं?

भीती किड्याची नव्हतीच. भीती होती वडिलांची. धोंडिरामचे वडील शेवटची दोन वर्षं रात्री-अपरात्री "बैलं सुटली, बैलं सुटली" म्हणून उठायचे आणि अंगणात दावं घेऊन हिंडायचे. बैल विकून दहा वर्षं झाली होती. आई त्यांना हाताला धरून परत आणायची आणि म्हणायची, "बांधली वं मी, झोपा आता." धोंडिराम तेव्हा सुट्टीवर आलेला, तरणा, खाटेवर पडून हे ऐकायचा आणि त्याला हसू यायचं. आता हसू येत नव्हतं.

गुरुवारी महेंद्रचा फोन आला. फरश्यांची बातमी खंडाळ्याला पोचली होती. अशा बातम्यांना एसटी लागत नाही.

धोंडिराम फोनवर ओरडून बोलायचा. बहिऱ्याला वाटतं पलीकडचाही बहिरा. "आरं, हाय किडा! धा दिस झालं, झोप न्हाई! थांब, तुला ऐकवतो!" म्हणून त्यानं फोन उंच धरला, चहूकडं फिरवला. "आला का आवाज?"

"काहीच येत नाही, आप्पा."

"नीट ऐक की!"

महेंद्र समजुतीच्या सुरात म्हणाला, "आप्पा, मी आणि संयोगिता रविवारी गाडी घेऊन येतो. कपडे भरून ठेवा. इकडं दवाखाना जवळ आहे. घराला कुलूप लावू. नंतरचं नंतर बघू."

पोरगं वाईट नव्हतं. सूनही लाखात एक. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात धोंडिराम एकदा आठ दिवस राहून आला होता. सकाळी दोघं कामाला गेली की तो खिडकीत उभा राहून खालच्या मोटारी मोजायचा. आणि "नंतरचं नंतर" म्हणजे काय, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. वाडीत अशी कुलपं लावलेली नऊ घरं होती. एकाचंही कुलूप परत निघालं नव्हतं.

"घराला कुलूप? रविवारी? बरं, रविवारी," तो ओरडला आणि फोन ठेवला.

आता हे सगळं ओरडणं भिंतीपलीकडं जात असणार, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. पण भिंतीपलीकडं कोणी आहे हे धोंडिरामनं अकरा वर्षांमागं मनातनं काढून टाकलं होतं. पलीकडं राहायची चंद्राबाई, त्याच्या थोरल्या भावाची विधवा बायको. मूळचं घर एकच, सहा खोल्यांचं. ही वैनी जत तालुक्यातनं नवरी होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि धोंडिराम आठ. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची. त्याला आंघोळ घालायची, शेंबूड पुसायची, भरतीला निघाला तेव्हा वेशीपर्यंत रडत आलेली तीच. पुढं भावाभावांची वाटणी झाली, तीही गोडीगुलाबीनं. भांडली त्या दोघी, वैनी आणि बाळाबाई. कधी खरकट्या पाण्यावरनं, कधी कुणाच्या कोंबडीनं कुणाचे दाणे खाल्ले त्यावरनं. रोजच्या कटकटीला विटून, वैनी भाच्याच्या लग्नाला जतला गेलेली असताना, धोंडिरामनं मधलं दार विटा रचून लिंपून टाकलं. चौकट तशीच ठेवली, आत भिंत. वैनी परत आली, तिनं ते बघितलं, एक शब्द बोलली नाही. आणि तो न बोललेला शब्द अकरा वर्षं तसाच राहिला. भाऊ वारला तेव्हा धोंडिरामनं खांदा दिला, बाळाबाई गेली तेव्हा वैनीनं उंबरा न ओलांडता अंगणातच तिला शेवटची आंघोळ घातली, पण दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. जिच्याशी भांडण, ती गेली. भांडण मात्र घरातल्या माणसासारखं राहिलं.

शनिवारी धोंडिरामनं काळी ट्रंक काढली, पलटणीतली, पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली. दोन धोतरं, तीन सदरे, बाळाबाईचा फोटो, पेन्शनचं पुस्तक. दिवसभर घास गिळवला नाही. दिवेलागण झाली. कुलूप हातात घेऊन त्याची किल्ली फिरते का बघत बसला होता, त्याच वेळी लिंपलेल्या दारावर पलीकडनं धाड धाड असा आवाज आला.

"धोंड्या! ए धोंड्या! मुडद्या, त्या किड्याला तू मारतोस का मी यिऊन मारू?"

कुलूप हातातनं पडलं.

"बारा दिस झालं! रातभर नुसतं किर्र किर्र! म्हातारीला झोपू देनार हैस का न्हाई? यव्वा, डोस्कं उठलं माजं!"

धोंडिराम भिंतीपाशी गेला. "वैनी," तो म्हणाला, "वैनी, तुला... तुला ऐकू येतंय?"

"न यायला तुज्यागत बहिरी हाय व्हय मी!"

हवालदार धोंडिराम, चोवीस वर्षं नोकरी, मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. आयुष्यात इतकी गोड शिवी त्यानं खाल्ली नव्हती. घरात होता! किडा घरात होता, डोक्यात नव्हता! ट्रंकेला लाथ घालावी असं वाटलं त्याला.

मग म्हातारी काठी टेकत अंगणातनं फिरून त्याच्या दारात आली. अकरा वर्षांनी. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, उचकटलेल्या फरश्या बघितल्या, कपाळावर हात मारला आणि आत आली.

"एका कानानं न्हाई सापडायचं वैनी," डोळे पुसत धोंडिराम सांगायला लागला. त्याच्या अंगात तोफखाना संचारला होता. "आमी तिकडं सरावात दुश्मनाची तोफ आवाजावरनं हुडकायचो. एक चौकी कामाची न्हाई. दोन लागत्यात. एक म्हनती आवाज हिकडनं आला, दुसरी म्हनती तिकडनं. दोन्ही रेघा जिथं एकमेकीला कापत्याल, तिथं तोफ. तू आदी माज्या घरातनं ऐक, मग तुज्या घरातनं."

"आता मला काय भरतीला नेतोस व्हय?" वैनी म्हणाली, पण बसली. दिवा मालवला. अंधारात दोघं शेजारी शेजारी गप. आणि किर्रर्र, सुरू झालाच.

"हां!" वैनी कुजबुजली. "बघ कसा सूर चढवलाय मेल्यानं."

तिनं हात उचलला आणि लिंपलेल्या दाराकडं दाखवला. मग उठून आपल्या घरी गेली. थोड्या वेळानं पलीकडनं त्याच दारावर, कमरेच्या वर, टकटक झाली. "हितं! हितंच हाय!"

दोन रेघा कापल्या. नेमक्या दारात.

धोंडिरामनं पहार घेतली. विटा मातीत रचलेल्या होत्या; त्यानंच रचलेल्या. पहिली वीट हलायला वेळ लागला, मग एकेक सुटत गेली. धुरळा नाकातोंडात गेला. भोकातनं पलीकडचा पिवळा उजेड आत आला, त्या उजेडात वैनीचं सुरकुतलेलं तोंड दिसलं. तेवढ्यात ती ओरडली, "त्यो बघ! पळाला! माज्याकडं आला!" आणि फटाफट चपलेचे आवाज.

"घावला?"

"मेला!"

"बघू?"

"चुलीत टाकला. काय बारसं घालायचंय त्याचं?"

धोंडिराम हसला. किती दिवसांनी हसला ते त्याचं त्यालाच ठाऊक. उरलेल्या विटाही काढाव्यात म्हणून पहार उचलली, पण दंड भरून आले होते. भिंत कमरेएवढी राहिली. त्या भिंतीवरनं वैनीनं त्याला भाकरी आणि वांग्याचं कालवण दिलं, आणि तो तिथंच उभ्यानं जेवला.

जेवताना ती एवढंच म्हणाली, "दार बंद करायचं हुतं तर कडी हुती की रं धोंडिबा. विटा कशाला रचल्यास?"

हातातला घास त्यानं परत भाकरीवर ठेवला. "चुकलं वैनी," तो म्हणाला. "लय चुकलं."

"जेव," ती म्हणाली.

मग आपापल्या खाटा भिंतीला लावून दोघं बोलत राहिली. गेलेल्या माणसांबद्दल, कोंबड्यांबद्दल, जतच्या दुष्काळाबद्दल. बोलता बोलताच कधी डोळा लागला ते धोंडिरामला कळलं नाही. सकाळी ऊन अंगावर आलं तेव्हा जाग आली.

रविवारी दहाला गाडी दारात. महेंद्रनं आत पाऊल टाकलं, भिंत बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "आप्पा, भिंतसुद्धा फोडलीत?"

संयोगितानं गुपचूप नवऱ्याचा हात धरला. धोंडिरामनं काही बोलायच्या आत कमरेएवढ्या भिंतीवरनं आवाज आला.

"ये रं महेंद्रा. च्या घेतोस का?"

भिंत झाल्यापासनं महेंद्रला हिच्या घरी पाणी प्यायची सोय उरली नव्हती. "मोठी आई, तू...?"

"तुज्या बापाचं डोस्कं ठिकानावर हाय. किडा हुता. म्या माज्या ह्या कानांनी बारा रात्री ऐकला, आनि ह्या हातानं मारला. आनि आमी दोघं म्हातारी असताना कुलूप कशाला लावायचं? लावाच म्हनत आसशील, तर मला आत ठिवून लाव."

आता एका माणसाचं वेड पोराला समजतं. पण दोन माणसांना एकच वेड लागत नाही, एवढं शिक्षण महेंद्रचं झालं होतं. त्यानं वडिलांकडं बघितलं, दाढी केलेले, झोप झालेले, डोळे निवळलेले. चहा घेतला, तीन फरश्या स्वतः बसवून दिल्या, रोज फोन करायचा शब्द घेतला आणि दुपारी गाडी रिकामीच परत गेली. वेशीवर गाडी दिसेनाशी झाली तेव्हा धोंडिरामनं ट्रंकेतनं बाळाबाईचा फोटो काढून पुन्हा खिळ्याला अडकवला.

रात्री जेवणं झाली. कालच्या जागरणानं वैनी दमली होती, बोलणं लवकर सरलं. इकडचा दिवा गेला, तिकडचाही गेला. धोंडिराम पाठीवर पडला, हात छातीवर ठेवले.

आणि किर्रर्र.

तो ताडकन उठून बसला. तोच आवाज, तसाच, कालच्यापेक्षा मोठाच. दुसरा शिरला असेल, त्यानं मनाशी म्हटलं. आता वैनी ओरडेलच. ती पलीकडं चार हातांवर होती, मध्ये नुसती कमरेएवढी भिंत. तो वाट बघत राहिला. आवाज चढत गेला. आता म्हणेल, आता शिवी घालेल.

"धोंडिबा," अंधारातनं वैनीचा आवाज आला, झोपाळलेला. "कसं शांत वाटतंय रं. त्यो किडा मेल्यापास्नं काय बी ऐकू येत न्हाई बग."

धोंडिरामच्या कानात तर नुसता कहर चालला होता.

मग त्याला सगळं कळलं. हिला ऐकू येत नव्हतं. आज नाही, काल नाही, बारा रात्रींत एकदाही नाही. हिनं ऐकलं होतं ते गुरुवारी फोनवर ओरडलेलं, आधी किड्याचं, मग "घराला कुलूप? रविवारी? बरं, रविवारी." आणि दोन दिवस ती पलीकडं एकटी बसून राहिली असेल, ह्या दाराकडं बघत. शेजारच्या घरालाही कुलूप लागणार, मग खोकल्याचासुद्धा आवाज येणार नाही, हे मोजत. मग उठून म्हातारीनं दारावर धाड धाड हात मारले, आणि दोन्ही चौक्यांवरनं एकच दिशा दाखवली.

डोक्यात होता तर. डॉक्टर खरं बोलला, केरबाही खरं बोलला. धोंडिरामला वाटलं, आता भीती वाटायला पाहिजे. त्याऐवजी त्याला आई आठवली, अंगणातनं वडिलांना हाताला धरून आणणारी.

"झोपलास का रं?" पलीकडनं आवाज आला. त्यात आता झोप नव्हती, जरा धाकधूक होती. "गप का?"

किर्रर्र, किर्रर्र, चाललंच होतं.

"न्हाई वैनी," धोंडिराम म्हणाला. "तेच बघत हुतो. लय शांत हाय."

"मग झोप गप," ती म्हणाली.

त्यानं वाकळ डोक्यावर ओढून घेतली आणि कूस बदलली.